वाचक विचारतात : पावसाळ्यातली दिवाडी आणि तिथली माणसं

पाऊस सुरू झाला की गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा मांडवीतल्या बेटांबद्दल विचारणारी पत्रं वाढतात. या वेळी बरीचशी पत्रं दिवाडीबद्दलची होती आणि बहुतेकांना तिथे ‘काय पाहावं’ यापेक्षा ‘कोण भेटेल’ हे हवं होतं. दिवाडीला पूल नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं, हे नव्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : जुलैअखेर आम्ही दोघं चार दिवस दिवाडीला राहणार आहोत. मागे कळंगुटला गेलो होतो, तेव्हा वेटर सोडून एकाही गोंयकाराशी धड बोलणं झालं नाही. पावसात लोक घराबाहेर पडतात का? पडत असतील तर कुठे गाठावं? (कोल्हापूर)

पडतात, पण आपापल्या कामाला, आणि त्या कामांच्या वेळा ठरलेल्या असतात. सकाळी अकराला छत्री घेऊन गाव बघायला निघालात, तर बंद दारं आणि ओली कुत्री एवढंच दिसेल.

पहिला माणूस पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे बांबूची मोठी टोपली, तिच्यावर प्लॅस्टिक बांधलेलं, हँडलला रबरी भोंगा. साधारण सकाळी साडेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी चार-साडेचारनंतर त्याची फेरी असते. पावसात तो फार वेळ थांबत नाही, कारण टोपली उघडी राहिली की पाव हवेतला ओलावा ओढतात आणि कडक कवच चामड्यासारखं होतं. म्हणून भोंगा ऐकू आल्यावर चप्पल शोधू नका. सुटे पैसे आणि कापडी पिशवी घेऊन आधीच फाटकाशी उभे राहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम पाव घामेजतो. मागायचं काय, तेही माहीत हवं : ‘पोळी’ म्हणजे आपली चपाती नव्हे, कोंड्याच्या पिठाचा, आतून पोकळ असलेला चपटा पाव, ‘उंडो’ म्हणजे गोल, कडक कवचाचा, ‘काकणां’ म्हणजे बांगडीच्या आकाराचे, चहात बुडवायचे. पहिल्या दिवशी पोळी घ्या, दुसऱ्या दिवशी उंडो मागा. तिसऱ्या दिवशी तोच विचारेल, आज काय देऊ म्हणून.

खरी गंमत पोदेराच्या आजूबाजूला असते. त्याच भोंग्याला शेजारच्या चार घरांतली माणसं बाहेर येतात आणि पाव घेऊन झाल्यावर दोन मिनिटं पावसाबद्दल बोलतात. त्या दोन मिनिटांत तुम्ही तिथे असलात की ओळख आपोआप होते. भाड्याच्या घराचा मालक नाश्ता देत असला, तरी संध्याकाळचे पाव स्वतः घ्या.

दुसरी जागा फेरीचा धक्का. दिवाडीला जुन्या गोव्याकडून, रायबंदरच्या बाजूने आणि पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याहून बोट आहे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बोटीत जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात, आणि धक्क्याला लागताना खलाशी दोर आणि फळीत गुंतलेला असतो. त्या वेळी त्याला काही विचारू नये. बोलणं होतं ते धक्क्याच्या निवाऱ्यात. समोर दिसणारी बोट मुद्दाम एकदा सोडा आणि पुढच्या बोटीपर्यंत बाकावर बसा. सकाळी साडेसात ते नऊ कॉलेजची मुलं आणि पणजीचे नोकरदार, संध्याकाळी पाचनंतर तीच माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन. ‘इथे बघण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलाय. ‘आज पाण्याला ओढ जास्त दिसते, बोट थांबवतात का अशा वेळी?’ असं विचारा, म्हणजे समोरचा बोटीचा, पुराचा, आजोबांच्या होडीचा इतिहास काढतो. उतरताना मात्र जपून. फळीवर शेवाळ आणि डिझेलचा ओशटपणा असतो, आणि दुचाक्या पायी माणसाच्या आधी सुटतात. कडेला थांबा.

तिसरी जागा पोसरो, म्हणजे किराणा दुकान. काही ठिकाणी त्यालाच जोडून छोटं तावेर्न, म्हणजे दारूचं दुकान असतं. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ ही तिथली वेळ. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा मेणबत्ती, काडेपेटी, डासांची अगरबत्ती मुक्कामापर्यंत लादून आणण्यापेक्षा इथेच घ्या. गावात पैसे खर्च करणारा पाहुणा आणि सुपरमार्केटची पिशवी घेऊन आलेला पाहुणा यांच्यातला फरक दुकानदार बरोबर ओळखतो.

दुपारी एक ते चार कुणाच्याही दारावर थाप मारू नका. रविवारी सकाळी मिसेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या आधीही नको.

प्रश्न : आपली मराठी तिथे चालते ना? की हिंदीत सुरुवात करावी? (पुणे)

चालते, पण सगळ्यांशी सारखी नाही. हिंदू घरांतल्या अनेकांचं मराठी वाचन आणि भजन-कीर्तन रोजचं असतं. त्यांच्याशी मराठीत बोलायला हरकत नाही. ख्रिस्ती घरांतल्या वयस्कर माणसांची कोकणी रोमी लिपीतली आणि पोर्तुगीज शब्द मुरलेली, त्यांना तुमची पुणेरी मराठी भरभर समजेलच असं नाही. सुरुवात दोन्हीकडे कोकणीतल्या एखाद्या वाक्याने करा. ‘कशे आसात?’ आणि निघताना ‘देव बरें करूं’ एवढं पुरतं. पुढे समोरचा माणूस स्वतःच सोयीची भाषा निवडतो. वडीलधाऱ्यांना ‘तुमी’. हिंदू पुरुषाच्या नावापुढे ‘बाब’, बाईच्या नावापुढे ‘बाय’ लावतात. ख्रिस्ती बाईंना बहुतेक ठिकाणी ‘आंटी’ चालतं.

काही शब्द फसवतात. ‘नुस्तें’ म्हणजे मासे. ‘नुस्तें ना’ असं ऐकून ‘नुसतं काय नाही?’ असं विचारणारे मराठी पाहुणे तिथल्या विनोदाचा कायमचा विषय आहेत. ‘शीत’ म्हणजे अख्खा भात, एक कण नव्हे. ‘फाल्यां’ म्हणजे उद्या.

आणि एक वाक्य घरीच ठेवून जा : ‘कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?’ यावर गोव्यात आंदोलनं झाली आहेत. १९८७ मध्ये कोकणी राज्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. तुमचं मत काहीही असो, तावेर्नमध्ये ते मांडलंत की त्या संध्याकाळचं बोलणं तिथेच संपतं.

प्रश्न : माझ्या वडिलांनी आयुष्यभर अलिबागजवळ खारजमीन कसली. दिवाडीवरही खाजण शेती आहे असं ऐकलं. ऑगस्टमध्ये त्यांना तिथल्या शेतकऱ्यांशी बोलायचं आहे. वय ७२, गुडघे बरे आहेत. कोणाला भेटावं आणि काय बघावं? (अलिबाग)

तुमच्या वडिलांइतका योग्य पाहुणा दिवाडीला वर्षात एखादाच जात असेल. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून बेटावर उतरलं की पिएदाद गावाच्या टेकडीपर्यंतचा रस्ता सखल खाजणातूनच, म्हणजे नदीचं खारं पाणी बांधाने अडवलेल्या शेतातूनच जातो, त्यामुळे शोधाशोध करायला नको.

तुमच्याकडे जिला उघाडी म्हणतात, ती इथे ‘मानस’. तत्त्व एकच : बांधात बसवलेली लाकडी झडप. नदीला भरती आली की बाहेरचं पाणी झडपेला आत दाबतं आणि ती बंद होते. ओहोटीला आतलं पाणी वरचढ झालं की झडप बाहेर उघडते आणि शेतातलं पाणी निघून जातं. चाक नाही, मोटर नाही. पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतलं मीठ धुऊन नेलं की मोड आणलेलं बियाणं टाकतात. जुनी जात ‘कोरगुट’, खारं पाणी सोसणारी, लालसर तांदळाची. वडिलांनी घरातल्या जुन्या खाऱ्या भाताच्या जातीचं नाव काढलं, तर त्या एका नावावर तासभर जाईल. जमलं तर मूठभर बियाणं, निदान ओंबीचा फोटो, सोबत न्या.

मानस बघायची वेळ साधणं महत्त्वाचं. ऐन भरतीला गेलात तर बंद लाकूड आणि स्तब्ध पाणी दिसेल. तुमच्याकडचा हिशोब वडिलांना पाठ असेल : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तो मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते, म्हणून उत्तरातून एक तास वजा करा, आणि निघण्यापूर्वी मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सकाळी दहा-अकराच्या सुमाराला आणि ओहोटी संध्याकाळी साडेचार-पाचला. म्हणजे दुपारी तीन ते पाच या वेळात झडप उघडी असते, पाणी आवाज करत नदीत पडतं आणि मानशीवरचा माणूस जाळं लावण्याच्या तयारीत असतो. रोज ही वेळ जवळजवळ पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाण्याला जोर नसतो. तेव्हा जाऊन निराश व्हाल.

मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो. तिथला माणूस पैसे भरून बसलेला असतो, ही त्याची मजुरी नव्हे तर गुंतवणूक. म्हणून जाळं ओढत असताना मधे जाऊ नका, मासळी हातात घेऊन फोटो मागू नका. त्याचं आवरलं की ‘विकायला काही आहे का’ एवढं विचारा. शेवटो, काळुंदर, सुंगटं, चिंबोऱ्या असं काहीबाही निघतं. ट्रॉलरना १ जून ते ३१ जुलै समुद्रबंदी असते, त्यामुळे जुलैत नदीच्या या मासळीला भाव असतो. ऑगस्टमध्ये थोडा उतरतो.

शेतकऱ्याला गाठायचं तर पेजेच्या वेळी, सकाळी दहा-साडेदहाला. त्याआधी त्याला थांबवलंत तर तो सौजन्याने दोन शब्द बोलेल आणि मनात वैतागेल. पेज, खारं (खारवलेली सुकी मासळी) आणि मिसकुट (कैरीचं लोणचं) समोर आल्यावर मात्र गप्पा रंगतात. वडिलांनी विचारण्यासारखा प्रश्न : ‘बांध फुटला तर दुरुस्ती कोण करतं?’ पूर्वी गावकरी ही गावची सामायिक संस्था, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं, बांध सांभाळायची; आता कुळांच्या संघटना आहेत. मजूर मिळत नाहीत, मासळीच्या पैशासाठी खारं पाणी मुद्दाम जास्त दिवस आत ठेवलं जातं, आणि एकाने शेत सोडलं की त्याच्या भोकातून शेजाऱ्याचंही बुडतं. रायगडात याच तक्रारी वडिलांनी ऐकल्या असतील. उधाणाची भरती आणि वरून धो धो पाऊस एकाच वेळी आला, की बाहेरचं पाणी उतरतच नाही, झडप तासन्‌तास मिटलेली राहते आणि आतलं पावसाचं पाणी भातावर चढतं. अशा दिवशी शेतकऱ्यांची तोंडं उतरलेली असतात. तो गप्पांचा दिवस नव्हे.

बांध चिखलमातीचा असतो. साध्या बुटांना पकड मिळत नाही, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात काठी हवी. अनवाणी उतरू नये, पायाला जखम असेल तर मुळीच नको. लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. कुंभारजुव्याच्या कालव्याकडच्या बाजूला पाण्याच्या काठावर बसून पाय धुऊ नका. तिथे मगरी आहेत. स्थानिक माणूस सहज बोलताना हे सांगायचं विसरतो, कारण त्याला ते लहानपणापासून माहीत असतं.

प्रश्न : बोंदेराला जावं का? गर्दीत कोणी भेटेल असं वाटत नाही. (ठाणे)

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला बोंदेरा हा उत्सव असतो. नाव पोर्तुगीजांच्या ‘बांदैरा’वरून, म्हणजे निशाण. वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं व्हायची, सरकारने सीमेवर निशाणं रोवली, आणि लोक दगड मारून ती पाडायचे. आता भांडणाची मिरवणूक झाली आहे.

शनिवारी दुपारी गेलात तर तुमचं म्हणणं खरं ठरेल : फेरीला रांग, डीजे, चिखल. त्याऐवजी त्याआधीचे तीन-चार दिवस जा. संध्याकाळी वाड्यांवर चित्ररथ बांधत असतात, खिळे, दोरी, रंग कमी पडत असतो, आणि शिडी धरायला माणूस हवाच असतो. याच दिवसांत मुलं ‘फोटाश’ करताना दिसतील. वीतभर लांबीची बारीक, आरपार पोकळ बांबूची नळी, आणि तिच्यात जेमतेम जाणारी मूठवाली काठी. हिरवं तेफळ, आपलं बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ, नळीच्या पुढच्या टोकाला घट्ट बसवायचं, दुसरं मागून काठीने ढकलायचं. मधली हवा दाबली जाते आणि पुढचं तेफळ फट्‌कन उडतं. तेफळ सैल बसलं तर हवा निसटते आणि नुसता फुस्स आवाज येतो. काठी नळीपेक्षा लांब केली तर दुसरंही तेफळ पडून जातं आणि पुन्हा भरावं लागतं. म्हणून काठी बोटभर आखूड ठेवतात. एखाद्या दहा वर्षांच्या पोराला ‘माझं उडत का नाही?’ म्हणून विचारा, पुढचा अर्धा तास तो तुमचा गुरू. चष्मा असेल तर लावून ठेवा, नसेल तर तोंड बाजूला.

शनिवारी जायचंच असेल तर गाडी जुन्या गोव्याच्या बाजूलाच ठेवा, बारापूर्वी पायी बोट धरा आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्या.

प्रश्न : आईला सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचं आहे. मूळ स्थान दिवाडीला की नार्व्याला? (सातारा)

दोन्ही बाजूंच्या गावांचं नाव नार्वेच, म्हणून हा घोळ होतो. गोव्याच्या जुन्या कदंब राजघराण्याच्या या कुलदैवताचं जुनं देऊळ दिवाडीवरच्या नार्व्यात होतं. सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं आणि देव नदीपलीकडे डिचोलीत नेला. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली बांधायला घेतलं. तसा शिलालेख तिथे आहे. जीर्णोद्धारानंतर ते २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं. दर्शन पलीकडे, जुनी जागा अलीकडे, आणि मधे फेरीबोट.

आईंना आधी डिचोलीच्या बाजूला न्या, मग बोटीने दिवाडीला या. गोकुळाष्टमीला तिथे जत्रेची मोठी गर्दी असते. चालण्याचा त्रास असेल तर तो दिवस टाळा, माणसं ऐकायची हौस असेल तर तोच दिवस निवडा. पिएदादच्या दफनभूमीतल्या छोट्या कपेलाचं, म्हणजे प्रार्थनाघराचं, कोरीव दगडी छतही कदंबकालीन आहे. कुलूप असतं, मीस संपल्यावर चर्चमधल्या सेवकाला विचारलं तर बहुधा उघडून मिळतं. तिथे पूर्वी असलेल्या गणपतीचा प्रवास खांडोळ्यापर्यंत झाला, ही गोष्ट दिवाडीची ख्रिस्ती माणसंही आपलीच म्हणून सांगतात.

प्रश्न : कोणी घरी बोलावलं तर काय न्यावं? पैसे देऊ केले तर चालतात का? (नाशिक)

जेवणाचे पैसे हातात देऊ नका. नाशिकची द्राक्षं पावसात नसतात, मनुका न्या. चांगला चिवडा चालतो. दारूची बाटली पहिल्या भेटीत नको. १५ ऑगस्टला, मायेच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला म्हणजे सणाला, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या ख्रिस्ती घरांत होतात, आणि पुढे चवथीला हिंदू घरांत. ताटली आली तर ती रिकामी परत करू नये, एवढा आपल्याकडचाच नियम तिथेही आहे. फेणी देऊ केली आणि घ्यायची असेल तर ती चाळीस टक्क्यांच्या वरची असते हे लक्षात ठेवून सावकाश. नको असेल तर ‘औषध चालू आहे’ म्हणा, कोणी आग्रह करत नाही.

भाजी, अळमी (रानातली अळंबी) किंवा मासे विकणाऱ्या बाईंशी मात्र पैशाचाच व्यवहार ठेवा आणि घासाघीस फार ताणू नका. गुरुवारी बाणस्तारीचा बाजार भरतो. शेजारच्या सांत इस्तेव बेटावरची सात धारांची लांब भेंडी तिथे मिळते. ती घेताना ‘सातच धारा का?’ म्हणून विचारा. उत्तर लांब असतं.

प्रश्न : लोकांचे फोटो काढलेले आवडतात का? (मुंबई)

विचारून काढलेले, हो. घरांचे न विचारता काढलेले, नाही. पणजीच्या फोंतैन्यसमध्ये दारापुढच्या फोटोशूटला कंटाळून लोकांनी पाट्या लावल्या, दिवाडीवर ती वेळ आणू नका. बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसलेल्या आजींचा फोटो काढलाच, तर पणजीत छापून पुढच्या बोटीने आणून द्या. पोस्टाने पाठवायचा असेल तर घराचा नंबर आणि वाड्याचं नाव त्यांच्याच हाताने लिहून घ्या. एका वाड्यावर एकाच आडनावाची पाच घरं असतात.